घुणिकाची आई

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहासमोर, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहासमोर, उभं राहिलं की डोळे आधी वरच्या कमानीकडे जातात, मग हत्तींकडे, मग दाराशेजारच्या जोडप्यांकडे. तिथल्याच वेदिकेवर, म्हणजे दगडी कठड्यावर, कोरलेली एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कोडी नावाच्या भिक्खुणीनं ही वेदिका दान दिली, असं त्या ब्राह्मीतल्या ओळीत लिहिलं आहे. तिची ओळख दिली आहे ती ‘घुणिकाची आई’ अशी. पुढं काम करणाऱ्याचंही नाव आहे, नंदिक.

ही ओळ मी आमच्या सहलीतल्या बायकांना वाचून दाखवते तेव्हा क्षणभर शांतता होते आणि मग एकदम कालवा. कारण वस्तीत बाईला नावानं कुणी हाक मारत नाही. सोन्याची आई, पिंकीची आई, असंच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पर्वतीच्या एक मावशी म्हणाल्या, “म्हंजे तवापासनं हेच चालू हाय व्हय!” त्यानंतर पुढचा अर्धा तास मला बोलावंच लागलं नाही. इतर कुणाकुणाची नावं आहेत ते त्यांनीच विचारून घेतलं.

आमचा गट लहान आहे. पुण्यातल्या वस्त्यांमधल्या धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या बायकांना आम्ही लेणी, गड, देवराया बघायला नेतो. मी यात २०१६ पासून आहे. पहिल्या सहलीत मी केलं ते आजही आठवतं. मी सातवाहनांपासून सुरुवात केली. मग हीनयान, महायान, व्यापारी मार्ग, चैत्य आणि विहार यांतला फरक. तयारी चोख होती. पंचवीस मिनिटांनी बघितलं तर निम्म्या जणी पायरीवर टेकल्या होत्या. एक ताई हळूच येऊन म्हणाल्या, “बाई, संडास कुठंय? सकाळी चारला उठलोय.” पहाटे उठून दोन घरची भांडी उरकून आलेल्या बाईपुढं मी इसवी सनाचा हिशोब मांडत होते. त्या दिवशीपासून गाडी आधी स्वच्छतागृहापाशी थांबते. मग चहा. मग लेणी.

दिवस ठरवायलाही आम्हाला दोन वर्षं लागली. मी रविवार धरला होता, कारण माझ्या डोक्यात सुट्टी म्हणजे रविवार. पण रविवारी घरोघर पाहुणे, भांडी दुप्पट. सोमवारी रविवारचा पसारा. शेवटी बायकांनीच बुधवार काढला. लोकलनं मळवलीला उतरायचा बेतही सोडावा लागला. दुपारी लोकलला मोठा खंड असतो, आणि संध्याकाळच्या कामाला हजर न झालेल्या बाईला दुसऱ्या दिवशी काय ऐकावं लागतं ते तिलाच ठाऊक. म्हणून भाड्याची बस, आणि साडेचारला परत म्हणजे साडेचारलाच.

खाडा हा सगळ्यात मोठा प्रश्न. लेण्याचं तिकीट वीस-पंचवीस रुपयांचं, त्यावाचून कुणी अडत नाही. पण एका दिवसाच्या खाड्याला चार घरचे पैसे कापले जातात. म्हणून आम्ही येणाऱ्या प्रत्येकीला त्या दिवसाची मजुरी देतो. यावर वाद झाले आहेत. एका देणगीदारानं स्पष्ट सांगितलं की सहलीला नेऊन वर पैसे देणं म्हणजे लोकांना सवय लावणं आहे, आणि सगळ्यांना संस्थेचे टी-शर्ट घालून फोटो काढा. ते पैसे आम्ही घेतले नाहीत. वर्षभर हात आखडता ठेवावा लागला, दोन सहली रद्द झाल्या, तरीही मला तो निर्णय बरोबर वाटतो. जिच्या वेळेला बाजारात किंमत आहे, तिला ‘फुकट नेतोय’ म्हणणं खोटं आहे.

अलीकडे या भागात गर्दी फार वाढली आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात शेजारचा लोहगड आहे. आनंदच आहे. पण पार्किंग भरलं म्हणजे दार सगळ्यांना उघडलं, असं होत नाही.

कार्ल्याला आधी लेणं की आधी एकवीरा, यावरही मी सुरुवातीला हटून बसायचे. आता नाही. चैत्याच्या तोंडाशीच देवीचं देऊळ आहे, कोळी-आगरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथं येतात. ओटी भरल्याशिवाय आमच्या बायका पुढं सरकत नाहीत, आणि का सरकावं? दर्शन घेऊन निवांत झालेली बाई चैत्यातल्या खांबांकडे जास्त वेळ बघते.

आणि तिथं बघण्यासारखं, वाचण्यासारखं किती आहे! वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठचा लेख सगळेच दाखवतात, हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असं त्यात म्हटलंय. मी सामीपाशी थांबते. सामी, वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकट गावचा सुतार. दार त्यानं केलं, असं लेखात आहे. सिंहदत्त नावाचा एक गंधिक आहे, सुगंधी द्रव्यांचा धंदा करणारा. काही खांब यवनांनी, म्हणजे त्या काळच्या ग्रीकांनी, दिलेले. वर छताला सागवानी कमानी आहेत, मूळच्या, दोन हजार वर्षांच्या. ज्यांच्या घरात कुणी सुतारकाम करतं, त्या बायका तिथून हलत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी एका सहलीत एक वडार मावशी होत्या. साठीच्या पुढच्या. गप्प असायच्या. त्यांच्या आईनं बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली होती, आणि त्या स्वतः लग्नाआधी बापासोबत खाणीवर होत्या. बाजूच्या विहाराच्या एका साध्या खोलीत सगळ्या जणी डोकावून बाहेर पडल्या, या आतच राहिल्या. मी बघायला गेले तर भिंतीपासून वीतभर अंतरावर चेहरा नेऊन मोबाईलच्या उजेडात घाव बघत होत्या.

“ह्यो उजव्या हाताचा माणूस,” त्या म्हणाल्या. “सगळे घाव एका बाजूला कलल्यात. हितं दुसरा लागला बघा, ह्याचा हात हलका हाय.” मला दिसेना. त्यांनी उजेड तिरका धरला, तेव्हा दिसलं. एका पट्ट्यात रेघा खोल आणि लांब, शेजारच्या पट्ट्यात आखूड आणि दाट. मग म्हणाल्या, “वरनं उतरत आल्यात. खालनं धरलं असतं तर माल डोक्यात पडला असता.” आणि थोड्या वेळानं, “पण लोहार कुठं बसायचा? ह्या कातळाला रोज ढीगभर छिन्न्या बोथट व्हणार. पाणी द्यायला भट्टी जवळ पायजे.”

इतक्या वर्षांत मी किती लोकांना लेणी दाखवली असतील. लोहाराची भट्टी कुठं असेल, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

बसमध्ये त्यांच्याजवळ बसून मी त्यांना विचारलं, पुढच्या वेळी दगडाचं तुम्ही सांगाल का? आधी नको म्हणाल्या, लिहिता-वाचता येत नाही म्हणाल्या. मुलीनं आग्रह केला तेव्हा तयार झाल्या. तेव्हापासून लेणं कसं खोदलं हे त्या सांगतात, आणि मला जेवढं मानधन तेवढंच त्यांना. कागदावर पदाचं नाव काय लिहायचं यावर हिशेबनीस अडले होते. मी ‘मार्गदर्शक’ लिहा म्हटलं.

श्रावणातल्या सहलीला रानातली वाट भाजे लेण्यांची. तिथं तर मी मागेच चालते. कुर्डू, टाकळा, आघाडा, भारंगी, प्रत्येक जण आपापल्या गावच्या नावानं ओळखते आणि दोन जणींची नावं जुळली नाहीत की भांडण होतं. एक मुलगी वहीत सगळी नावं टिपून घेते. वही दुसरी चालू आहे.

पुढची कार्ल्याची सहल दिवाळीनंतरच्या दुसऱ्या बुधवारी आहे. मावशींना वडिलांची छिन्नी आणि सुतकी सोबत न्यायची होती. संरक्षित स्मारकात हत्यार नेता येणार नाही, हे सांगताना मला फार जड गेलं. मग असं ठरलं की आदल्या संध्याकाळी वस्तीच्या समाजमंदिरात जमायचं. एक काळा दगड आम्ही आणायचा. परवा त्यांनी घरी बोलावून हत्यारं दाखवली, जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेली. सुतकीचा दांडा अंगठ्याच्या जागी खोलगट झालाय. “हात लाव की,” त्या म्हणाल्या.