सगळ्यांसाठी आखलेलं उपनगर

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवर हॅम्पस्टेड सोडलं की गोल्डर्स ग्रीन येईपर्यंत गाडी बराच वेळ बोगद्यातच असते. या पट्ट्यात नॉर्थ एंड नावाचं एक अर्धवट स्टेशन आहे. फलाटांचे बोगदे खणून झाले आणि काम थांबलं, ते कायमचंच. वरच्या माळावर घरं उठतील आणि प्रवासी मिळतील, हा रेल्वे कंपनीचा हिशोब एका बाईंनी चुकवला होता. त्याच बाईंनी वसवलेलं हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब बघायला मी निघाले होते.

हेन्रिएटा बार्नेट आणि त्यांचे पाद्री पती सॅम्युअल पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या गरीब वस्तीत १८७३ पासून काम करत होते. १८८४ मध्ये त्यांनी तिथे, विद्यापीठातल्या तरुणांनी गरिबांत राहून काम करावं म्हणून, टॉयन्बी हॉल उभा केला. हवापालटासाठी हॅम्पस्टेडच्या माळाजवळ त्यांचं एक घर होतं. तिथवर भुयारी रेल्वे येणार म्हटल्यावर बाईंना कळून चुकलं, की आता हा माळ जाणार. ईटन कॉलेजच्या मालकीची ८० एकर जमीन त्यांनी लोकांना मोकळं फिरायला मिळावी म्हणून मिळवली, आणि शेजारच्या २४३ एकरांवर नवं उपनगर वसवायला घेतलं. १९०७ मध्ये कुदळ पडली. त्याच वर्षी गोल्डर्स ग्रीन स्टेशनही सुरू झालं. ज्या रेल्वेपायी माळाची काळजी लागली, तिच्याच जोरावर हे उपनगर चाललं, ही गंमत आहेच.

स्टेशनातून बाहेर पडून हूप लेनला लागले. डावीउजवीकडे स्मशानं: एका बाजूला ज्यू दफनभूमी, दुसरीकडे १९०२ चं दाहगृह, जिथे सिग्मंड फ्रॉइडच्या अस्थी ग्रीक कलशात ठेवल्या आहेत. पुढे मीडवे सुरू झाला आणि रस्त्याचा नूरच पालटला.

भिंती नाहीतच. प्रत्येक घरापुढे आपल्याकडच्या मेंदीसारखं कातरलेलं झुडपांचं कुंपण, छातीएवढं, आणि त्यामागे लाल कौलं, उंच धुराडी. बागेबागेमध्ये भिंत नको, झुडपंच हवीत, हा बाईंचा मूळ नियम. रस्त्यांवर दुतर्फा झाडं, रानं सगळ्यांना खुली, आणि चर्चच्या घंटांचाही गोंगाट नको! या अटींतली सगळ्यात मोठी अट मात्र वेगळी होती: सगळ्या थरांतल्या आणि सगळ्या मिळकतींच्या माणसांनी इथे राहावं, अपंगांनाही जागा असावी, आणि काही भागांत जमिनीचं भाडं इतकं कमी ठेवावं की आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्यालाही परवडेल.

आराखडा रेमंड अन्विन यांचा. त्या काळच्या नियमांत रुंद, सरळ, एकसारखे रस्तेच बसत. म्हणून १९०६ मध्ये संसदेकडून या उपनगरापुरता खास कायदाच करून घेतला: एकरी सरासरी आठच घरं, समोरासमोरच्या घरांत किमान पन्नास फूट अंतर, आणि त्या बदल्यात अरुंद, वळणाचे, पुढे बंद होणारे रस्ते चालतील. अन्विन काय साधत होते, ते मला अस्मन्स प्लेसमध्ये शिरल्यावर कळलं. ही कारागिरांची आळी. एका बोळाभोवती छोटी घरं, शेवटी मोकळी जागा, आणि कुठलंही घर शेजाऱ्याचा उजेड अडवत नाही. बरीच घरं ओळीने जोडलेली आहेत, तरी कुणी साच्यातून काढल्यासारखं वाटत नाही. मी तिथे उगीचच दोनदा फिरले. एक आजोबा शिडीवर चढून कुंपण कातरत होते. म्हणाले, झाड तोडायचं किंवा घराचं बाहेरचं रूप बदलायचं तर आधी उपनगराची देखरेख करणाऱ्या ट्रस्टची परवानगी काढावी लागते. तक्रार होती की अभिमान, ते मला ठरवता आलं नाही.

सेंट्रल स्क्वेअर मात्र मला आवडला नाही. वास्तुकार एडविन ल्युटेन्स यांची दोन देखणी चर्चं, एक उंच मनोऱ्याचं, एक घुमटाचं, शेजारी बाईंच्याच नावाची मुलींची शाळा. सगळं भव्य, पण दुकान नाही, पब नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. बाईंना दारू नको होती, दुकानं कडेला टेंपल फॉर्च्युनला पाठवली. गावाचा मध्य आणि त्यात बसायला कारणच नाही, हे काही मला पटेना.

त्यापेक्षा हीथ क्लोजमधलं वॉटरलो कोर्ट बघा. १९०९ मध्ये बेली स्कॉट यांनी नोकरी करणाऱ्या एकट्या स्त्रियांसाठी बांधलेलं. चौकोनी अंगण, भोवती कमानींची ओसरी. एकट्या बाईला खोली मिळवताना घरमालकांच्या शंभर चौकशा झेलाव्या लागायच्या त्या काळात कुणाला तरी हे सुचलं, याचं मला फार कौतुक वाटलं. म्हाताऱ्यांसाठीही ‘द ऑर्चर्ड’ नावाची वेगळी वास्तू होती. ती पाडून पुढे नवी बांधली.

आणि आज? कारागिरांच्या त्याच छोट्या घरांच्या किमती दहा लाख पौंडांच्या आसपास फिरतात. मला यात कुणाचा कावा दिसत नाही. एकरी आठच घरं म्हटल्यावर घरं वाढणार नाहीत, आणि जागा इतकी सुरेख म्हटल्यावर मागणी थांबणार नाही. त्यात १९६७ च्या कायद्याने भाडेपट्ट्याने राहणाऱ्यांना जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला. ट्रस्टच्या हातात रूप राखण्याची योजना राहिली, पण कोण राहणार हे ठरवणं राहिलं नाही. कुंपणाचा नियम टिकला, मिळकतीचा गळाला. अन्विन यांचं गणित मात्र वाया गेलं नाही: पहिल्या महायुद्धानंतर सरकारी घरांचे जे निकष ठरले, ते सुचवणाऱ्या समितीत ते होते, आणि ब्रिटनभरच्या नगरपालिकांनी बांधलेल्या घरांपुढे बागा आल्या त्या त्याच विचारातून.

परतताना बिशप्स अॅव्हेन्यूवरून गेले. उपनगराला लागूनच असलेला हा अब्जाधीशांचा रस्ता. इथे झुडपं नाहीत, लोखंडी फाटकं आहेत, कॅमेरे आहेत, आणि वर्षानुवर्षं कुणी न राहिल्यामुळे गवत माजलेले काही बंगलेही. दहा मिनिटांत कंटाळले.

जायचं असेल तर पाणी आणि खाऊ बरोबर ठेवा. वाटेत काही मिळत नाही. चहा टेंपल फॉर्च्युनलाच प्या, आणि तिथल्या जर्मन धाटणीच्या दोन इमारतींकडे रस्त्याच्या पलीकडून बघा. जवळून त्यांची छपरं दिसत नाहीत.