थेट प्रक्षेपण: ऑन एअर जाण्याआधी ओबी व्हॅनमध्ये काय काय तपासावं लागतं

मोठ्या थेट प्रक्षेपणात कॅमेरे, स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र जाणार ते निवडणारं यंत्र), रिप्ले सर्व्हर ही महागडी यंत्रं ऐन वेळी क्वचितच दगा देतात. ओबी व्हॅनच्या (कार्यक्रमस्थळावरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीच्या) इंजिनिअरिंगच्या बाजूला काम करून माझं हे मत पक्कं झालंय. घात होतो तो जोडांवर: कनेक्टर, वीज, सिंक (सगळ्या यंत्रांची वेळ जुळवणं), टॉकबॅक (टीमचं आपसातलं बोलणं), बाहेर जाणारी लाइन. म्हणून सेटअपचा बहुतेक वेळ आम्ही तिथेच घालवतो.

व्हॅन लागली की आधी वीज. महत्त्वाच्या यंत्रांना दोन-दोन पॉवर सप्लाय असतात, पण दोन्हींचे प्लग एकाच यूपीएसवर गेलेले असले तर दुसऱ्याचा काहीच उपयोग नाही. एक पहिल्या जनरेटरवर आणि दुसरा दुसऱ्यावर, असंच हवं. याची खात्री करायची रीत एकच: एसीसकट सगळा लोड चालू ठेवायचा आणि एक बाजू खरोखर बंद करायची, मग ती चालू करून दुसरी. हिरवा दिवा पाहून पुढे जाऊ नये. कार्यक्रमस्थळाच्या साउंड सिस्टिमकडून फीड घेताना दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं आणि आवाजात बारीक घुंई येते. तिथे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा. घुंई घालवण्यासाठी मेन्सच्या प्लगची अर्थ पिन काढणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, ते कोणीही करू नये.

मग केबल. कॅमेऱ्याच्या हायब्रिड केबलमधून दोन फायबर आणि वीज एकत्र जाते. सिंगल मोड फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, म्हणजे धुळीचा एक कण त्याला झाकायला पुरतो. कॅप जोडायच्या क्षणापर्यंत काढायची नाही. प्लग आणि सॉकेट दोन्ही साफ करायचे, कारण एकाच बाजूचा साफ केला तर समोरची घाण परत त्यावर येते. कॅमेरा मधूनच जात असेल तर मी आधी कनेक्टर उघडून पाहतो, सीसीयूकडे (व्हॅनमधल्या कॅमेरा कंट्रोल युनिटकडे) नंतर वळतो.

एसडीआयच्या, म्हणजे डिजिटल व्हिडिओ सिग्नल नेणाऱ्या, कोअॅक्स केबलची गंमत वेगळी. १.४८५ गिगाबिटचा एचडी सिग्नल केबल लांबत गेली तरी स्वच्छ दिसत राहतो आणि मर्यादा ओलांडली की एकदम ठिपके येतात, चित्र फुटतं. ॲनालॉगमध्ये चित्र हळूहळू बिघडायचं, इशारा मिळायचा. इथे तो मिळत नाही. म्हणून ‘चित्र येतंय’ एवढ्यावर समाधान मानू नका. स्कोपवर (सिग्नल मोजणाऱ्या यंत्रावर) सीआरसी एरर, म्हणजे डेटातल्या चुका, पाहा, आणि शंका असेल तर मध्ये थोडी जादा केबल जोडून पाहा. तेवढ्यानेच चित्र फुटलं तर ती लाइन बदलायची.

सिंकचं काम पटकन होतं, पण राहून गेलं तर फार छळतं. सगळ्या उपकरणांना एकाच मास्टर सिंक जनरेटरचा जेनलॉक, म्हणजे एकच वेळ देणारा सिग्नल, लागतो. बाहेरून येणारा, लॉक नसलेला फीड फ्रेम सिंक्रोनायझरमधून (फीड आपल्या वेळेशी जुळवणाऱ्या यंत्रातून) घ्यावा लागतो आणि तिथे साधारण एक फ्रेम उशीर होतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर ४० मिलिसेकंद. वायरलेस कॅमेऱ्याच्या लिंकचा उशीर यावर आणखी. चित्र असं मागे पडलं की आवाज पुढे धावतो, आणि प्रेक्षकाला तेच लवकर खटकतं: आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी १३५९ शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी कळतो, उशिरा आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांनंतर. आम्ही प्रत्येक कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून घेतो आणि रेकॉर्डिंग फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत तळवे मिळण्याचा क्षण आवाजाशी ताडून पाहतो. माइक कुठे आहे तेही लक्षात घ्यावं लागतं. मंचापासून ३४ मीटरवरच्या माइकमध्ये आवाज मुळातच एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो.

सगळ्यात जास्त गोंधळ मी मिक्स-मायनसचा पाहिला आहे. बाहेरच्या वार्ताहराच्या कानात स्टुडिओचा संपूर्ण आवाज जायला हवा, फक्त त्याचा स्वतःचा वगळून. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे, त्यामुळे वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो आणि एन्कोडिंगचा उशीर त्यावर चढतो. कानात मेन प्रोग्रॅम गेला तर वार्ताहराला आपलंच बोलणं मागून ऐकू येतं. माणूस कितीही अनुभवी असो, दोन वाक्यांत अडखळतो आणि शेवटी इअरपीस उपटून काढतो. ऑडिओच्या टेबलावर प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा मिक्स-मायनस बस (आवाजाचा वेगळा मार्ग) ठेवायचा. तपासताना ‘ऐकू येतंय का?’ असं विचारू नये, उत्तर ‘हो’च येणार. त्याला दहापर्यंत आकडे मोजायला लावा आणि स्वतःचा आवाज परत येतो का ते विचारा.

टॉकबॅकला मी चित्राइतकाच मान देतो. दिग्दर्शक ‘तीन स्टँडबाय... टेक’ म्हणाला आणि तिसऱ्या कॅमेरामनला ऐकू गेलं नाही, तर उत्तम कॅमेराही निरुपयोगी. रिकाम्या मैदानात पुरेशी वाटणारी लेव्हल गर्दीच्या गलक्यात बुडते, म्हणून वर वाव ठेवूनच लेव्हल लावायची. एकाने जरी हेडसेटचा माइक उघडा ठेवला तर त्याच्याभोवतीचा गोंगाट सगळ्यांच्या कानात जातो, तेव्हा बोलताना माइकचं बटण दाबायचं, बोलून झालं की सोडायचं. बेल्टपॅकच्या (कमरेला लावायच्या टॉकबॅक यंत्राच्या) बॅटऱ्या ऑन एअरच्या आधी सरसकट बदलायच्या, किती उरली हे पाहत बसायचं नाही.

शेवटी बाहेर जाणारी लाइन. दोन फायबर घेतले आणि दोन्ही जमिनीखालच्या एकाच डक्टमधून (नळीतून) गेले, तर एका खोदकामात दोन्ही जातात. केयू बँड या वारंवारतेवरचा उपग्रहाचा सिग्नल मुसळधार पावसात कमजोर होतो. मोबाइल नेटवर्कवरून चित्र पाठवणारा बॅकपॅक आदल्या दिवशी सुरेख चालतो, आणि प्रेक्षक जमले की त्याच टॉवरवर त्यांचे हजारो फोन येतात. वाट खरोखर वेगळी असणं म्हणजे काय, हे २५ जून २००८ ला दिसलं. युरो फुटबॉलचा जर्मनी-तुर्कस्तान उपांत्य सामना बाझेलमध्ये चालू होता, पण जगभर जाणारा फीड व्हिएन्नातल्या प्रसारण केंद्रातून जात होता. व्हिएन्नात वादळाने वीज गेली आणि सामना सुरळीत चालू असताना अनेक देशांत चित्र गायब झालं. जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीने अखेर स्विस टीव्हीचा फीड घेतला, कारण स्विस मंडळींकडे स्टेडियममधून थेट येणारी स्वतःची लाइन होती.

कार्यक्रम संपला तरी मास्टर कंट्रोलकडून (वाहिनीच्या मुख्य नियंत्रण कक्षाकडून) ‘क्लिअर’ येईपर्यंत एकही केबल सोडायची नाही. आवरताना जी केबल खराब निघाली असेल तिच्या दोन्ही टोकांना तिथल्या तिथे टेप लावून बिघाड लिहून टाकायचा आणि ती वेगळ्या पेटीत ठेवायची. नाहीतर ती चांगल्या केबलींत मिसळते आणि पुढच्या ठिकाणी कोणाच्या तरी हातात चांगली म्हणूनच येते.