पडद्यांपासून मांडीवरच्या गोधडीपर्यंत: आमची वाटचाल

सुरुवातीला आम्ही पडदे, उशांचे अभ्रे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचो. धंदा बरा चालायचा, पण चिंध्यांची पोती साठत जायची. त्यातलं एक पोतं एका वृद्धाश्रमात काम करणाऱ्या ताई मागून घेऊन गेल्या. तिथल्या स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी दिवसभर अंगावरच्या कपड्याची शिवण उसवत बसायच्या. हाताला दुसरं काही मिळालं तर कपडे तरी वाचतील, एवढाच हिशेब. काही दिवसांनी ताई परत आल्या. "तुकडे सगळे खाली पडतात हो, एकत्र जोडून द्या ना." तिथून आमची स्पर्श-गोधडी सुरू झाली.

गोधडी साधारण ५० बाय ६० सेंटीमीटरची, मांडीवर मावेल अशी. एक चौकोन कॉर्डुरॉयचा, शेजारी सॅटिन, मग टॉवेलचं कापड, मखमल, डेनिमचा खिसा. त्यावर चेन, काज-बटण, बकल, वेणी घालता येईल अशा तीन आखूड रिबिनी. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, नावं, तारखा, आत्ताच झालेलं बोलणं निसटतं. पण आयुष्यभर केलेली हातांची कामं बरेचदा पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. संध्याकाळकडे अनेकांची घालमेल वाढते, तेव्हा हाताला चाळा मिळाला की काही जण निवांत होतात. सगळे होतात असं नाही. काही जण गोधडीची व्यवस्थित घडी घालून बाजूला ठेवतात. आमच्या मते तेही कामच झालं!

डोकं सगळ्यात जास्त लागलं ते काय लावायचं नाही हे ठरवताना. या आजारात वस्तू तोंडात घालण्याची सवय लागू शकते, म्हणून सुटे मणी आणि घुंगरू आम्ही लावत नाही. चुंबक तर अजिबात नाही: दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, शिवाय पेसमेकर असलेल्यांना वेगळा धोका. चेन नायलॉनची आणि तिला बोटात सहज धरता येईल अशी मोठी कडी. वेलक्रोची खरखरीत बाजू म्हाताऱ्या, पातळ कातडीला ओरखडे काढते, म्हणून तिचा तुकडा अगदी लहान. कापड निवडताना बारीक ठिपके टाळतो, कारण ते मुंग्या किंवा चुरा वाटून माणूस ते वेचत राहतो. काळा चौकोन काहींना खड्डा वाटतो. एकमेकांपासून चटकन वेगळे दिसणारे साधे रंग बरे. सगळं कापड आधी धुऊन घेतो, नाहीतर पहिल्याच धुलाईत सुती आटतं, सॅटिन तसंच राहतं आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. शिवून झाल्यावर प्रत्येक बटण पक्कडीत धरून जोरात ओढायचं. हे काम आमच्याकडे शिवणाऱ्या व्यक्तीकडे देत नाहीत; दुसऱ्या कुणीतरी करायचं.

एका निवृत्त शिंपीकाकांसाठी केलेली गोधडी मात्र आम्हालाच शिकवून गेली. त्यांनी ती हातात घेतली, लगेच उलटी केली आणि अस्तराची टीप नखाने तपासू लागले. वरच्या चेन-बटणांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्यासाठी मग आम्ही अस्तरच दर्शनी केलं: वेगवेगळ्या टिपा, उघडी काजं, दुमडून ठेवलेला गोट. मुलीचा फोन आला, "बाबा रोज तुमचं काम तपासतायत आणि नापसंत करतायत." याहून चांगली पावती काय हवी?

म्हणूनच एकसारख्या गोधड्यांची ठोक ऑर्डर आम्ही नाकारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५.७ कोटी लोकांना डिमेन्शिया होता. बाजार मोठा आहे हे आम्हालाही कळतं. पण झबल्याच्या कापडावर बदकं आणि सशांची चित्रं शिवून ती सत्तरीतल्या माणसाच्या मांडीवर ठेवणं आम्हाला पटत नाही. माणूस विसरतो, लहान होत नाही. "याने आजार बरा होतो" असं छापायचा सल्लाही मिळाला होता. बरा होत नाही, तर छापायचं कसं? आणि कुणाला खुर्चीत अडकवून ठेवायला गोधडी घट्ट खोचायची नाही, ही सूचना प्रत्येक पाकिटात जाते.

ऑर्डरीआधी घरच्यांना एक फॉर्म भरावा लागतो: गोधडी ज्यांच्यासाठी आहे ते पूर्वी काम काय करायचे, कोणता हात जास्त चालतो, कशाचा स्पर्श नकोसा वाटतो, वस्तू तोंडात घालतात का. त्यांचा जुना शर्ट किंवा स्कार्फ पाठवलात तर तोही जोडतो. डागडुजी आम्हीच करतो, आणि झिजलेल्या चौकोनावरून पुढच्या वेळी काय वाढवायचं ते समजतं. गोधडी एकाच माणसाने वापरायची, वापरण्याआधी रोज बटणं तपासायची. काही सैल लागलं तर आधी ती बाजूला ठेवा, मग आम्हाला कळवा.