अर्थिंगची पट्टी

रविवार, रात्रीचे साडेदहा

दिवसभर हात ग्रीसने माखलेले होते तोवर बरं होतं. आंघोळ करून बसलो आणि ते पुन्हा वर आलं. पट्टी समोर खिडकीत ठेवली आहे. टाकून द्यायची म्हणून दोनदा उचलली, टाकवली नाही.

इंजिन चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी, वीतभरसुद्धा नसेल. वरून काळी, आतून मोरचूद फवारल्यासारखी हिरवीनिळी. चिमटीत धरून वाकवली तर भुगा पडला. धड अशा तारा मोजल्या, चारच निघाल्या. गाडी २०११ ची. इतक्या वर्षांत त्या पट्टीकडे कुणी पाहिलं नव्हतं. मी तर नाहीच.

सकाळी वायरमनने मीटर लावला. गाडी चालू, हेडलाइट चालू. बॅटरी भरणाऱ्या डायनामोच्या मागच्या बोल्टावर १४.२ व्होल्ट, बॅटरीवर १३.१. म्हणाला, "काका, डायनामो कमावतोय, पण बॅटरीच्या हातात पडत नाही." १३.१ वर बॅटरी कधीच पुरती भरत नाही, अर्धपोटी राहून राहून आतल्या प्लेटा खराब होतात. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनवर धरून मला सेल्फ मारायला लावला. १.६ व्होल्ट. तो आकडा पाव व्होल्टाच्या आसपास हवा.

तीन वर्षांत तिसरी बॅटरी. आणि मी ती कुणाच्या नावावर लिहिली होती!

"मामा, मी रात्रीचा गाण्यांचा टेप लावत नाय. आईशप्पथ." गाळ्यावर, सगळ्या हमालांसमोर भाचा हे म्हणाला होता. आणि मी, "बॅटऱ्या काय झाडाला लागतात का रे?" त्या महिन्याच्या पगारातून तीन हजार कापले. तो काही बोलला नाही. आक्का राखीला आली, पण जेवायला थांबली नाही. असो.

खरं दुखतंय ते वेगळंच. वायरमनने ॲक्सिलरेटरची वायर, पायाने दाबल्यावर ओढली जाते ती, सोडून दाखवली. आतलं प्लास्टिक वितळून चिकटलेलं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, चासीपर्यंत जायला करंटला हक्काची वाट त्या पट्टीचीच. ती बंद पडली की मिळेल तिथून जातो, क्लचच्या वायरीतून, ॲक्सिलरेटरच्या वायरीतून. त्या वायरी इतका करंट सोसायला केलेल्याच नसतात, तापतात. पोरानं मला सांगितलं होतं, "मामा, सेल्फ मारला की ॲक्सिलरेटर जड होतो, वायर हाताला गरम लागते." स्पष्ट सांगितलं होतं. आणि मी म्हणालो, पाय ठेवतोस का लाथ मारतोस? दोनदा नवी वायर टाकली आणि दोन्ही वेळा त्यालाच बोललो.

मलाही कोण विचारतं? क्रेटचा भाव पडला की माझी झोप, सोसायटीचा हप्ता आला की माझी धावपळ, पंप जळला की मीच. घरातलं एक माणूस म्हणत नाही की तू दमलास. त्या दिवशीही पहाटे तीनला उठलो होतो, टोमॅटो मातीमोल गेला होता, अशात माणसाच्या तोंडून जातं.

हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. नाही. तीन हजार भाव पडला म्हणून कापले नव्हते. मला खात्री होती म्हणून कापले. एकदाही बॉनेट उघडून त्या पट्टीला हात लावला नव्हता, तरी खात्री होती.

काम मात्र मनासारखं झालं. आधी मायनस सोडला. बॅटरीपासून चासीपर्यंत आणि चासीपासून इंजिनपर्यंत ३५ स्क्वेअर एमएमची नवी केबल, टोकांना थिंबल दाबून बसवलेली. डायनामोपासून बॅटरीला वेगळी १६ स्क्वेअरची, मध्ये फ्यूज. चासीवरचा रंग मी स्वतः पॉलिश पेपरने घासला, पत्रा चांदीसारखा उघडा होईपर्यंत. वायरमन म्हणाला, बास काका. तरी घासत राहिलो. दातेरी वॉशर, बोल्ट, वरून ग्रीसचा हात. शेवटी मायनस जोडला. सगळे लाइट लावून बॅटरीवर १४.१. सेल्फ असा लागला की कुत्रं ओट्यावरून उठून पळालं.

गाडी नवी घेतली त्या वर्षीही सेल्फ असाच लागायचा. तेव्हा भाचा सातवीत होता, मागच्या हौद्यात उभा राहून यायचा.

साडेनऊला त्याला फोन लावला. आता तो चाकणला कंपनीत असतो. तिकडे मशीनचा आवाज, सेकंड शिफ्टला असणार. "बोला मामा." मला दुसरं काही सुचेना. म्हणालो, इंजिनची अर्थिंग गेली होती रे. टेप नव्हता.

थोडा वेळ नुसता मशीनचा आवाज. मग म्हणाला, "डायनामोची मोठी वायर बदलली का? ती पण बदला."

"बदलली."

"बरं केलं."

पैशांचं तोंडातून निघालं नाही. चिडला असता तर सोपं गेलं असतं, तो चिडलाही नाही. एवढं मात्र म्हणाला, "आईला पण फोन करा." केला नाही अजून, ती आता झोपली असेल.

उद्या नारायणगावला क्रेट उतरले की गाडी घराकडे वळवायची नाही, तशीच चाकणला. तीन हजार वरच्या खिशात ठेवले आहेत. पट्टीही कागदात गुंडाळून घेतो.