तुम्ही विचारलंत म्हणून: संस्था मोठी का केली नाही?

"2020 मध्ये अख्खं पुणं तुमच्याकडून भाजी घ्यायला तयार होतं. तेव्हाच संस्था का नाही वाढवलीत?" शेतकऱ्यांचा माल थेट ग्राहकांच्या घरी पोचवणाऱ्या आमच्या संस्थेबद्दल देणगीदार विचारतात, नातेवाईक विचारतात, कोथरूडचे जुने ग्राहक तर भेटले की विचारतातच. दर वेळी मी दोन वाक्यांत सुटका करून घेते. आज सविस्तर सांगते.

आम्ही वाढलोच नाही, हे खरं नाही. 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि शेतकऱ्याला सोसायटीच्या दारात विकणं सोपं झालं. लॉकडाऊनमध्ये मार्केट यार्ड, म्हणजे पुण्याचा घाऊक बाजार, बंद पडलं, तेव्हा पुरंदरचा घेवडा, वेल्ह्याची नाचणी, मुळशीचा आंबेमोहर आमच्याच टेम्पोने शहरात आला. भाव हंगामाच्या सुरुवातीला शेतकरी आणि ग्राहक एकत्र बसून ठरवतात. बाजार पडला तरी तो खाली येत नाही, चढला तरी वर जात नाही. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरी पार गेला, तेव्हाही आमचा टोमॅटो ठरल्या भावानेच गेला. हे मला मोलाचं वाटतं आणि कुणी त्याला "छोटं काम" म्हटलं की राग येतो.

तुम्ही विचारता ती वाढायची संधी आली 2021 मध्ये, सासवडजवळच्या बैठकीत. एक कंपनी शीतगृह आणि दोन गाड्या द्यायला तयार होती. अट अशी, की बाराही महिने एकच यादी: फ्लॉवर, सिमला मिरची, टोमॅटो, बटाटा. कंपनीचे साहेब चांगले होते, समजावून सांगत होते. यादी वाचून झाल्यावर आमच्या सगळ्यांत जुन्या सभासद आक्का म्हणाल्या, "ह्यात माझा घेवडा कुठाय? राजगिरा, चाकवत कुठाय?" साहेब म्हणाले, त्याला मागणी नाही. आक्का म्हणाल्या, "मागणी ह्या पोरींनी घरोघरी जाऊन तयार केली की."

मला तिथेच उत्तर मिळालं. पण एका तरुण शेतकऱ्याला ते पटलं नाही. मेथी महिनाभरात निघते आणि निघाली की थांबत नाही. शीतगृह नसल्याने त्याचा माल दोनदा वाया गेला होता. तो उठून उभा राहिला. "ताई, तत्त्वं तुमची आणि तोटा आमचा." कुणीच काही बोललं नाही. मतदान झालं, प्रस्ताव पडला. पुढच्या आठवड्यापासून तो आणि त्याच्या वाडीतली आणखी काही घरं पुन्हा मार्केट यार्डाला जुड्या पाठवू लागली, शेकड्याच्या भावाने. एका हंगामात त्याला उलटी पट्टी आली, म्हणजे माल विकून वर गाडीभाडं खिशातून. हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. फोन लावायला माझा हात उचलेना.

सुरुवातीला मी सगळीकडे सांगत होते, की चांगलं अन्न प्रत्येक पुणेकराच्या ताटात गेलं पाहिजे. तेव्हाच्या त्या मला आज काय उत्तर देऊ? पर्वतीच्या जनता वसाहत या झोपडपट्टीतल्या बायकांना आमचे भाव परवडत नाहीत. गाड्या असत्या, माल जास्त असता, तर कदाचित परवडले असते. तेव्हाची मी म्हणते, तू आक्कांचा वाफा वाचवलास आणि वसाहत सोडलीस. आजची मी म्हणते, कंपनीच्या त्या यादीने वसाहतीलाही तेच मिळालं असतं, जे आत्ता हातगाडीवर मिळतं. ती म्हणते, निदान फवारणीच्या विषाशिवाय मिळालं असतं. इथे मी अडते.

यंदा शीतगृहाचा विषय पुन्हा आलाय. या वेळी पैसे सभासदच उभे करणार, कुणाची यादी नाही. पण हप्ते फेडायला माल दुप्पट लागेल आणि दुप्पट माल म्हटलं की फ्लॉवर आलाच. त्या तरुणाला बैठकीचं बोलावणं पाठवलंय. मत कुठे टाकायचं, हे माझं अजून ठरलेलं नाही.