सातबाऱ्यावर भात, नकाशावर तिवरं

बी.प्लॅनच्या, म्हणजे नगरनियोजनाच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला स्वतंत्र प्रबंध करावा लागतो. विषय आपण निवडायचा, गावही आपणच शोधायचं. वर्गातल्या बऱ्याच जणांनी पुण्या-मुंबईचे रस्ते घेतले. मी अलिबागच्या खारेपाटातलं, धरमतर खाडीकाठचं एक गाव घेतलं, कारण तिथल्या काही गटांचा सातबारा आणि नकाशा एकमेकांना ओळखच देत नव्हते. सातबाऱ्यावर भातशेती, आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात कांदळवन, म्हणजे तिवरांचं रान. सीआरझेडमधला, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रातला, हा सगळ्यात कडक पट्टा.

हे झालं बांध फुटून. इथली शेतं उधाणाच्या पाण्याच्या पातळीखाली असतात. मातीचा बांध खारं पाणी अडवतो, आणि उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडतात. खेकडे बांधात बिळं करतात, उधाणाचं पाणी त्यातून वाट काढतं आणि वेळेवर चिखल भरला नाही तर खांड जाते, म्हणजे बांधाला भगदाड पडतं. पूर्वी यासाठी जोळ होती: घरटी एक माणूस बांधाच्या कामाला. १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला, योजनेतले बांध सरकारकडे गेले आणि जोळ हळूहळू मोडली. खांड तशीच राहिली की भरतीबरोबर तिवराची बी आत येते आणि रुजते. मग त्या तिवरांना हात लावता येत नाही. उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवन तोडायला बंदी आहे, आणि २०१८ च्या निकालाने ती कायम केली, जमीन खासगी असली तरी.

माझा प्रश्न एवढाच होता: कुठल्या गटात तिवरं कधी आली, आणि त्याआधी तिथला बांध कुठल्या अवस्थेत होता?

सातबारे सोपे. महाभूमीवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मिळतो. बांधदुरुस्तीच्या जुन्या नोंदींसाठी मात्र माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर मुदतीत आलं, एका ओळीचं: 'अभिलेख आढळून येत नाही.' तेव्हा दुरुस्त्यांचा इतिहास लोकांच्या तोंडूनच घ्यायचा ठरवलं.

उपग्रहचित्रांनी वेगळाच घाम काढला. लँडसॅटचा एक ठोकळा ३० मीटरचा, सेंटिनेलचा १० मीटरचा. कोवळी तिवरं त्यात दिसतच नाहीत. त्यात चित्र भरतीच्या वेळचं असेल तर सगळं पाणीच. म्हणून हिवाळ्यातली, ओहोटीची चित्रं तेवढी ठेवली. आराखड्याचा नकाशा १:२५,००० चा आहे, म्हणजे कागदावरची एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर २५ मीटर झाकते. काही खाचरं तेवढी रुंदही नाहीत! अशा रेघेवर कुणाचा गट आत आणि कुणाचा बाहेर हे ठरवणं मला आजही पटत नाही.

भरतीची वेळ मी मोबाईलवर बघायचे. बांधावरच्या एका काकांनी तो खिशात ठेवायला लावला. "तिथी किती? अष्टमी? आठाची पाऊणपट कर. सहा. सहाला भरती." भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून पाहिलं, फार फरक नव्हता. पुढच्या सगळ्या फेऱ्या मी पंचांग बघून ठरवल्या.

मुलाखती आधी फक्त खातेदारांच्या घेत होते. त्यांचं म्हणणं स्पष्ट: जमीन गेली, भरपाई नाही. पण तिवरांत चिंबोऱ्या धरणाऱ्या बायका रोज समोर दिसत होत्या. त्यांच्याशी बोलले तर एक जण म्हणाली, "बाय, शेत व्हता तवा आमाला आत कोन येव देत व्हता?" त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यामुळे नुकसानीच्या कुठल्याच यादीत त्या नाहीत आणि फायद्याच्याही नाहीत. त्यांच्यासाठी प्रबंधात वेगळं प्रकरण घातलं. मार्गदर्शकांना ते विषयाबाहेरचं वाटलं. मी ते काढलं नाही.

शिफारशींचा भाग मी मुद्दाम आखूड ठेवला. जिथं तिवरं दाट झाली आहेत तिथं ती राहू द्यावीत, पण सातबाऱ्यावर तशी नोंद करून खातेदाराला मोबदला द्यावा. जिथं खांड ताजी आहे तिथं पहिल्या उधाणाआधी ती बुजवावी, म्हणजे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल-१, २, ३ ही खार सोसणारी भातं तरी तिथं घेता येतील. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "खांड बुजवायची कुणी?" मी म्हटलं, कायद्याने खारभूमी खात्याने, पण पैसे जोळीच्या हाती द्यावेत. "जोळ आता आहे कुठे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते त्यांनी गुणपत्रिकेत नोंदवलंच असणार.

मराठीत चार पानांचा सारांश करून गावात वाटला. प्रत्येकाने आधी त्यातल्या नकाशात आपला गट कुठल्या रंगात आहे ते शोधलं. दोघांनी हरकत घेतली, आणि त्यातल्या एकाची रास्त निघाल्यामुळे नकाशा पुन्हा छापला.