दव की गळती?

रत्नागिरीत मी लेसिथिनच्या पटलांवर काम करतो. अंड्याच्या बलकातून मिळणारे हे फॉस्फोलिपिड, म्हणजे फॉस्फरसयुक्त स्निग्ध द्रव्य, पाण्यात गेले की त्याचे रेणू आपोआप दुपदरी थर रचतात आणि त्या थरांची चळत द्रवस्फटिकासारखी वागते, म्हणजे द्रवासारखी वाहते तरी रेणूंची मांडणी राखते. पेशीचे आवरणही मुळात असेच, जेमतेम ४ नॅनोमीटर जाडीचे दुपदरी पटल असते.

कोकणातल्या पावसाळ्यात या कामातली निम्मी मेहनत दमटपणाशी झुंजण्यात जाते. डेसिकेटरमधले, म्हणजे नमुने कोरडे ठेवण्याच्या बंद भांड्यातले, ओलावा शोषणारे निळे सिलिका जेल दोन दिवसांत गुलाबी पडते आणि ते पुन्हा भट्टीत तापवावे लागते. उणे २० अंशांवरची कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर हवेतले बाष्प थेट लेसिथिनवर जमते, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला बजावतो. बाष्पशोषक यंत्राचा प्रस्ताव मात्र खरेदी समितीकडून 'एसी आहे ना?' एवढ्या शेऱ्यानिशी परत आला.

जुलैतल्या त्या दिवशी एसी रात्रभर २२ अंशांवर चालू होता आणि क्लोरोफॉर्म उडवून सुकवलेला लेसिथिनचा थर असलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाच्या जड लोखंडी मंचावर होती. सकाळी सव्वाआठला वीज गेली आणि शिपायाने सद्भावनेने खिडक्या उघडल्या. मी साडेआठला पोहोचलो, मंचाखालच्या प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखाली (कंडेन्सरखाली) मोबाइलचा टॉर्च धरला, प्रकाश एकाच दिशेत कंपणारा करणारे दोन पोलरायझर एकमेकांशी काटकोनात फिरवले आणि पाहतच राहिलो. मी पाण्याचा थेंबही घातलेला नसताना थराच्या एका कडेतून चमकत्या नळ्या बाहेर येत होत्या, आधी झपाट्याने, मग हळूहळू. या मायलिन आकृत्या; सुक्या लेसिथिनला पाणी भिडले की त्या फुटतात. जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये त्या मज्जातंतूंच्या ऊतीत पाहिल्या होत्या. प्रत्येक नळी म्हणजे एकात एक गुंडाळलेली असंख्य पटले. मोबाइलचाच दिवा झाल्यामुळे छायाचित्र घेता आले नाही.

तेवढ्यात आमची विद्यार्थिनी आली. "सर, स्लॅब गळतोय वाटतं," असे म्हणत तिने मंच आणि टेबल फडक्याने स्वच्छ पुसून काढले. तिचे वागणे शिस्तीला धरूनच होते. पाणी कुठून आले याचा पुरावा मात्र त्या फडक्यात गेला.

माझा कौल दवाच्या बाजूने आहे. बाहेर २९ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, सुमारे २७ अंशांवर येतो. २२ अंशांच्या काचेवर पाणी जमणारच. पुढे ओल्या टिपकागदासह बंद डबीत, सगळीकडे सारखेच तापमान राखून, म्हणजे दव न पडू देता नुसत्या बाष्पात ठेवलेला थर फक्त मऊ झाला. त्यात तेलाच्या ओघळांसारखे पट्टे दिसले, पण नळ्या फुटल्या नाहीत. गार स्लाइड उघड्या खिडकीपाशी ठेवली तेव्हा मात्र नळ्या आल्या.

तरीही एक गोष्ट जुळत नाही. दव साऱ्या थरावर जमायला हवे होते, आणि त्या सकाळी नळ्या एकाच कडेला होत्या. ती कड खिडकीकडे होती. स्लॅबवरचा जुना ओला डागही नेमका तिच्याच वर आहे.